मदत हवी आहे: भारताचं कच्चं तेल नेमकं कुठून येतं? माझ्याकडे तीन याद्या, तिन्ही वेगळ्या

नमस्कार मंडळी,

मी मनमाडजवळच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचे वडील पानेवाडीच्या डेपोवरून टँकर भरून नेतात. गेल्या आठवड्यात दहावीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, पप्पांच्या टँकरमधलं डिझेल कुठल्या देशातलं?" मी सवयीने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं आणि तिथेच अडकले.

नकाशा जुना आहे. सौदी, इराण, इराक, कुवेत, नायजेरिया इथून निघालेले लाल बाण मुंबईकडे येतात. इराणचा बाण चांगला बोटभर जाड. रशियाचा बाणच नाही. मुलगा म्हणाला, "पण बातम्यांत तर रशियाचं नाव असतं." बरोबरच होतं त्याचं. नवा तक्ता आपणच करू, असं मी वर्गाला सांगून बसले आहे.

घरी येऊन वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेतून खनिज इंधनांची देशवार यादी काढली. त्यात रशिया, इराक, सौदी आहेतच, पण इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि कतारही ठळक दिसतात. इंडोनेशियाकडून आपण एवढं तेल घेतो? मला पटेना. तिसरी यादी वर्तमानपत्रातली, जहाजांच्या हालचालींवरून काढलेली, बॅरलमध्ये. तिच्यातले वाटे पुन्हा निराळे.

तक्त्यासाठी कोणती यादी धरू? टन घेऊ की डॉलर? आणि मुख्य म्हणजे त्या मुलाला काय सांगू? मोघम उत्तर द्यायचं नाहीये. त्याने अगदी मनापासून विचारलं होतं.

आकडेमोड:
ताई, तुमचा इंडोनेशिया म्हणजे कोळसा. तुम्ही मालाच्या कोड-यादीतलं खनिज इंधनांचं अख्खं प्रकरण २७ उघडलंत. त्यात कोळसा, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), एलपीजी, तयार इंधनं असं सगळं एकत्र असतं. ऑस्ट्रेलियाचाही कोळसाच, आणि कतारचा मुख्यतः एलएनजी. चार आकडी कोड २७०९ टाका, तो फक्त कच्च्या तेलाचा.

तक्ता टनांतच करा. डॉलरमध्ये केलात तर सवलतीत मिळालेलं तेल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. शिवाय आपल्याकडे आयातीची किंमत जहाजभाडं आणि विमा धरून नोंदतात, म्हणजे लांबून आलेल्या तेलाच्या आकड्यात प्रवासखर्चही आला. मुलांना तेलाचा प्रवाह दाखवायचा असेल तर वजनच धरा.

वर्षाकडेही लक्ष असू द्या. सरकारी आकडे एप्रिल ते मार्चचे असतात, बातम्यांतले बरेचदा महिन्याचे. एखाद्या महिन्यात रशियाचा वाटा ४० टक्क्यांच्या वर गेला म्हणून वर्षाचा तेवढा नसतो. २०२३-२४ मध्ये आपण सुमारे २३ कोटी टन कच्चं तेल आणलं. एका टनाचे साधारण ७.३३ बॅरल धरले तर रोजचे ४६-४७ लाख बॅरल झाले. त्यात रशिया एक तृतीयांशाहून थोडा जास्त, मग इराक, सौदी, अमिरात. २०२२ च्या युद्धाआधी रशियाचा वाटा जेमतेम २ टक्के होता.

जुना नकाशा मात्र टाकून देऊ नका. तो त्याच्या काळात खरा होता. एकेकाळी सौदीखालोखाल इराणच होता. अमेरिकेच्या निर्बंधांतून मिळालेली सूट मे २०१९ मध्ये संपली आणि तो बाण गळून पडला. दोन्ही तक्ते शेजारी लावा.

दर्यावर्दी:
जहाजांवरून काढलेल्या यादीबद्दल सांगतो. तिथे पहिली खूण असते ती माल भरल्याच्या बंदराची. काळ्या समुद्रावरचं नोव्होरोसिस्क रशियाचं, पण त्याच्या शेजारच्या टर्मिनलवर कझाकस्तानच्या तेंगिझ तेलक्षेत्रातून १,५०० किलोमीटर लांबीची पाइपलाइन येते. तिथून निघणारं मिश्र कच्चं तेल (त्याला सीपीसी ब्लेंड म्हणतात) बहुतांशी कझाक असतं. बंदर रशियाचं, तेल कझाकस्तानचं! अझरबैजानचं तेलही असंच तुर्कस्तानच्या जेहान बंदरातून निघतं. म्हणून बाण काढताना देश वेगळा आणि बंदर वेगळं दाखवा. कागदोपत्री देश ठरतो तो उगमाच्या दाखल्यावरून.

माहुलकाठ:
माझी सगळी नोकरी तेल शुद्ध करणाऱ्या रिफायनरीत झाली, म्हणून मुलाच्या प्रश्नावर लिहितो.

भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड पाइपलाइन मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीहून निघते. त्या पाइपचा माल असेल तर मागे मागे जा. माहुलला क्रूड, म्हणजे कच्चं तेल, दोन वाटांनी येतं. परदेशी क्रूडचं जहाज मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला लागतं (आमच्या तोंडी बुचर आयलंड) आणि तिथून समुद्राखालच्या पाइपने तेल रिफायनरीत. दुसरं आपल्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचं, उरणमार्गे. ते १९७४ साली सापडलं आणि १९७६ पासून निघतंय. म्हणजे त्या डिझेलमध्ये आपल्याच समुद्राचाही वाटा असू शकतो. हे त्याला जरूर सांगा.

यापुढे मात्र देश वेगळा काढता येत नाही. टाक्यांत क्रूड मिसळूनच घेतात. एक जड आणि गंधकाचं, एक हलकं. इराकमधल्या बसऱ्याचं क्रूड जड, मुंबई हायचं हलकं आणि गंधक कमी. युनिटला झेपेल असं मिश्रण जमवायचं, हेच आमचं रोजचं काम. डिस्टिलेशन कॉलममधून (क्रूड तापवून वेगवेगळी इंधनं काढायच्या मनोऱ्यातून) डिझेल निघालं की ते इराकचं की अमिरातीचं हे कुणालाच सांगता यायचं नाही. त्यात तेल कंपन्या एकमेकींच्या डेपोतूनही माल उचलतात.

तक्त्यावर एक बारीक टीप हवी. आयात केलेलं सगळं तेल आपण इथे जाळत नाही. जामनगर, वाडिनारसारख्या ठिकाणी ते शुद्ध होतं आणि बरंच डिझेल-पेट्रोल परत जहाजावर चढतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. २७०९ टाकल्याबरोबर इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया खाली गेले आणि यादी ओळखीची वाटायला लागली.

आज वर्गात एका काचेच्या बरणीत काकवी, गोडेतेल आणि रॉकेल ओतून ढवळलं आणि त्याच मुलाला म्हटलं, आता यातलं नुसतं गोडेतेल काढून दे. तो बराच वेळ बरणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे थोडं मुंबईच्या समुद्रातलंही आहे ना?" हो म्हटलं. "पप्पांना सांगतो."

माहुलकाठ सर, आमची सहल डिसेंबरमध्ये घारापुरीला ठरली आहे. गेटवेहून लाँच जाताना जवाहर द्वीप आणि तिथे लागलेली जहाजं दिसतात असं ऐकलंय. जाताना मुलांना कुठल्या बाजूला बसवू? आणि जहाज पाण्यात किती बुडालंय यावरून ते भरलेलं की रिकामं हे लांबून ओळखता येतं का?