टीव्हीवरच्या आरोग्याच्या जाहिरातींनी खरंच फरक पडतो का?

कट्टेकरी: काल पोरीला पोलिओ डोस पाजून आणलं तर आई लगेच "दो बूंद जिंदगी की" म्हणायला लागली, तेही अमिताभच्या आवाजात 😄 तिला हिंदी धड येत नाही पण हे पाठ. मग वाटलं, लोक बूथवर जायचे ते टीव्ही बघून की आशाताई दारात यायच्या म्हणून?

सातारी_मिसळ: दोन्ही रे. पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ ला, शेवटची केस जानेवारी २०११, हावड्याची, आणि २०१४ ला देश पोलिओमुक्त. नुसत्या टीव्हीने होतंय होय? करंगळीला शाई लावत, घरावर खडूने खुणा करत फिरणारी माणसं कोण होती? पण बच्चन चिडून बोलायचा ना, ते आमच्या आजीला बरोबर लागायचं, "बघ रागावला तो, ने पोराला."

निवांत: मला तर जुलाबाची जाहिरात आठवते दूरदर्शनवरची. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट हां, शीग लावून नाही. आमच्याकडे आधी जुलाब लागले की पाणीच बंद करायचे!!

कट्टेकरी: आणि त्याच टीव्हीपुढे बसवल्याशिवाय पोरगी आता घास खात नाही, त्याचं काय करू ते सांगा

सातारी_मिसळ: रिमोटचे सेल काढ. आमच्याकडे चार दिवस रडारड झाली बस