मदत हवी आहे: तबकडीतून काउंट बेसीचा अख्खा बँड गायब

नमस्कार मंडळी,

दोष टर्नटेबलचा आहे की तबकडीचा हेच कळत नाहीये, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो. सांभाळून घ्या.

दोन रविवारांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एक एल्पी मिळाली: 'फर्स्ट टाइम! द काउंट मीट्स द ड्यूक'. ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी, अमेरिकी जॅझमधले दोन पियानोवादक-बँडप्रमुख, दोघांचे पूर्ण ताफे न्यूयॉर्कच्या एकाच स्टुडिओत, जुलै १९६१. कव्हरचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला, पण तबकडी धुतल्यावर आरशासारखी निघाली. तीनशे सांगत होता, दोनशेला दिली.

मला या संगीताचं वेड उशिराच लागलं. स्विंग (मोठ्या बँडचं, नाचायला लावणारं जॅझ) म्हटलं की डोक्यात १९३०-४० ची, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी ध्वनिमुद्रणं. तीच मंडळी पुढे स्टिरिओच्या जमान्यातही जोरात वाजवत होती हे माझ्या गावीही नव्हतं. स्टिरिओ एल्पी बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. ही तबकडी झाली तेव्हा एलिंग्टन ६२ वर्षांचा होता, बेसी ५६ चा. म्हणजे हात मुरलेले आणि आवाज पकडणारी यंत्रंही शहाणी झालेली. असो.

आता अडचण. पहिलंच 'बॅटल रॉयल' लावलं. ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा एक तडाखा बसतो आणि पुढे शांतता. अगदी पूर्ण नाही, दोन गल्ल्या सोडून कुणाची तरी वरात चालली असावी तसं बारीक काहीतरी. परत तडाखा. परत वरात. म्हटलं असेल बुवा, मोठी माणसं आहेत, जागा सोडून वाजवत असतील. पण शेवटचं 'जंपिन अ‍ॅट द वुडसाइड' ही तर बेसीची १९३८ पासूनची हक्काची चीज, आणि त्यातही बेसीच सापडेना! फडात सवाल-जवाब रंगलाय आणि आपल्याला नुसते जवाब ऐकू येताहेत, अशी गत.

टर्नटेबल सेकंडहँड, त्यातून सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प, मग अ‍ॅम्प आणि दोन स्पीकर. घरातल्या नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या जुन्या एल्पी यावरच छान वाजतात, म्हणून मशीनवर संशय घ्यायला मन धजत नाही. तबकडीच अशी असेल का? आणि हे दुखणं निस्तरलं तर या काळातलं आणखी काय ऐकावं, तेही सांगा.

प्रतिसाद

आधी उठा आणि डावा स्पीकर वाजतोय का ते बघा.

या तबकडीत बेसीचा बँड डाव्या चॅनेलमध्ये आहे आणि एलिंग्टनचा उजव्या. मुद्दाम तसं केलंय. कानात इअरफोन घालून ऑनलाइन ऐका आणि डावा काढा, तुमची 'वरात' जशीच्या तशी ऐकू येईल. एका खोलीत दोन ताफे वाजताहेत म्हटल्यावर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा झिरपणारच.

नाट्यसंगीताचं म्हणाल तर त्या बहुतेक मोनो असणार. मोनोत दोन्हीकडे एकच आवाज असतो. एक बाजू मेली तरी गाण्यातलं काही हरवत नाही, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही.

धागाकर्ता

लाज वाटतेय सांगायला. डावा स्पीकर सोफ्यामागे आहे आणि त्यावर आईंनी मनीप्लांट ठेवलाय. कुंडी उतरवून जाळीला कान लावला. ठार शांत. किती महिने ते विचारू नका.

प्रतिसाद

घाबरू नका, दहा मिनिटांचं काम आहे. अ‍ॅम्प बंद करा. टर्नटेबलकडून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या पिना प्रीअ‍ॅम्पवर अदलाबदल करून लावा आणि परत वाजवा. आता उजवा स्पीकर मुका झाला तर दोष टर्नटेबलच्या बाजूला. डावाच मुका राहिला तर प्रीअ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंत कुठेतरी.

टर्नटेबलकडे निघाला तर हेडशेल (दांडीच्या टोकाचा सुटा भाग) काढून त्यात बसवलेल्या कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई असलेल्या डबीच्या, मागे बघा. केसासारख्या चार तारा असतात. पांढरी-निळी डाव्या चॅनेलची, लाल-हिरवी उजव्याची. दहापैकी आठ वेळा एखाद्या तारेच्या टोकाची टोपी सैल झालेली असते. चिमट्याने अलगद आवळून परत बसवा. कार्ट्रिज जागेवर असताना तिथे सोल्डरिंगचं गरम टोक लावायचं नाही, आतली तार उडाली की कार्ट्रिज फेकावं लागतं.

गंमत म्हणून सांगतो. स्टिरिओ खाचेची आतली भिंत डाव्या चॅनेलची आणि बाहेरची उजव्याची. म्हणजे तुमच्याकडे सुई दोन्ही भिंती इमानाने घासत होती, बेसीची तक्रार फक्त वर पोचत नव्हती.

प्रतिसाद

काय ऐकावं याचं उत्तर माझ्याकडून. बेसीची 'अ‍ॅटॉमिक' नावाने ओळखली जाणारी तबकडी घ्याच. कव्हरवर अणुस्फोटाचा ढग आहे, ऑक्टोबर १९५७ चं ध्वनिमुद्रण, सगळ्या रचना नील हेफ्तीच्या. त्यातलं 'लिल डार्लिन' इतकं संथ चालतं की आता पडेल की मग पडेल असं वाटत राहतं, आणि पडत नाही. फ्रेडी ग्रीनची गिटार त्यात दिसत नाही, पण भिंतीतल्या खिळ्यासारखी सगळं धरून असते.

एलिंग्टनचा 'फार ईस्ट स्वीट' (स्वीट म्हणजे रचनांची मालिका) आपल्याला जवळचा वाटेल. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारने त्याचा बँड दौऱ्यावर पाठवला होता, त्यात दिल्ली-मुंबईही होती. दिल्लीत त्याचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नने ऐकलेली मैना जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटमधून सारखी तीच लकेर घेते. 'आग्रा' मध्ये हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन आहे. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६६ चं.

एक सावधगिरी. बाजारात १९३०-४० च्या ध्वनिमुद्रणांवरही 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' असं छापलेलं दिसेल. तो खोटा स्टिरिओ: मूळ मोनोच, एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला वरचे स्वर ढकललेले, वर बहुधा कृत्रिम घुमाराही. त्यापेक्षा साधी मोनो शंभर पटीने बरी.

प्रतिसाद

मडगावहून. आमच्याकडची ट्रंपेट-सॅक्सोफोन वाजवणारी कितीतरी मुलं मुंबईच्या हॉटेलांत हेच संगीत वाजवत मोठी झाली आणि तिथून सिनेमात गेली. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यातलेच, सी. रामचंद्रांबरोबर (म्हणजे चितळकरांबरोबर) काम केलेले. धागाकर्त्याला बेसीचा ब्रास (ट्रंपेट-ट्रॉम्बोन) ऐकताना चितळकर आठवले तर दचकू नये.

धागाकर्ता

सापडलं! पिनांची अदलाबदल केल्यावर उजवा मुका झाला, म्हणजे टर्नटेबल. पांढऱ्या तारेची टोपी पिनेला नुसती टेकून होती. बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला (तिला अजून सांगितलेलं नाही), आवळली, बसवली.

'बॅटल रॉयल' परत लावलं. उजवीकडून तडाखा आला आणि सोफ्यामागून त्याला असं काही उत्तर मिळालं की मांजर उठून बाहेर गेलं. दोन ड्रमर, दोन पियानो. काल 'जागा' वाटत होती तिथे पंधरा माणसं बसली होती. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता पुढचा प्रश्न. बेसी सोफ्याच्या पाठीतून वाजतो आणि एलिंग्टन उघड्यावर, हा अन्याय आहे. सोफा हलवायला घरातून परवानगी मिळणं कठीण. डावा स्पीकर भिंतीवर ब्रॅकेट मारून वर टांगला आणि उजवा जमिनीवरच राहिला तर फार बिघडेल का? आणि मनीप्लांट कुठे ठेवू?