हरलं की डबल: एक्सेलमध्ये नफा दिसतोय, मग हिशेबात सुटतंय काय?

उद्यमनगर_लेथ

नमस्कार मंडळी. माझा मेव्हणा बोनसचे पैसे घेऊन मित्रांबरोबर पणजीला कॅसिनोत जायचं म्हणतोय. त्याच्याकडं एक 'सिस्टीम' आहे, कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर पैसे भरून घेतलेली. रूलेटवर, म्हणजे चाकावर गोळी फिरवून आकडा काढतात त्या खेळात, लाल-काळ्यावर 100 लावायचे (रंग लागला तर लावले तेवढेच वर मिळतात), हरलं की 200, मग 400, असं 6,400 पर्यंत. जिंकलं की परत 100 वर. सात पायऱ्यांचे मिळून 12,700 होतात, तेवढेच घेऊन जाणार. बहिणीचा सारखा फोन येतोय, "दादा, तू तरी बघ की जरा."

वर्कशॉप बंद झाल्यावर मी ते एक्सेलमध्ये मांडलं. 0 ते 36 मधला रँडम आकडा, 18 लाल, 18 काळे, एक शून्य. डाव म्हणजे एकतर 100 सुटले, नाहीतर सातही पायऱ्या गेल्या. एका संध्याकाळी असे 20 डाव धरले आणि पुन्हा पुन्हा चालवलं. बहुतेक संध्याकाळी 2,000 नफाच! मेव्हण्यानं शीट बघितली आणि आता त्याला जास्तच जोर चढलाय. माझं मन काही मानत नाही, पण नेमकं बोट कुठं ठेवायचं ते कळेना. तपासायचं कसं? फिबोनाची (हरलं की मागच्या दोन रकमांची बेरीज लावायची) वगैरे बाकीच्या सिस्टीमपण टाकून बघू का?

राजारामपुरी_संख्याशास्त्र

दादा, मी कॉलेजात हा विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची शीट बरोबर आहे. त्यात एक कॉलम वाढवा: एकूण किती रुपये टेबलावर ठेवले. नफा-तोट्याला त्या रकमेनं भागा.

आता हातानं करून बघू. एका फिरकीत हरण्याची शक्यता 19/37 (दुसऱ्या रंगाची 18 घरं आणि हिरवं शून्य). लागोपाठ सात वेळा हरण्याची साधारण 0.94 टक्के, म्हणजे 106 डावांत एकदा. उरलेल्या 99.06 टक्के वेळा 100 मिळतात. सरासरी काढली तर दर डावाला सुमारे 20.50 रुपये तोटा. आणि एका डावात सरासरी लावले जातात 759 रुपये. 759 ला 37 नं भागा, तेच 20.50 येतात. हिरव्या शून्याचा हिस्सा, 2.7 टक्के, जसाच्या तसा.

म्हणजे मेव्हण्याला वाटतंय तो 100 रुपयांचा खेळ खेळतोय, पण चाकावरून फिरतात साडेसातशे. मार्केट यार्डात गूळ एका गाडीत आणा नाहीतर सात गाड्यांत, अडत प्रत्येक रव्यावर बसते, तसंच हे.

20 डावांच्या संध्याकाळी सगळं सुरळीत पार पडण्याची शक्यता 83 टक्के आहे, म्हणून तुम्हाला नफा दिसतोय. सहातल्या पाच संध्याकाळचे मिळून 10,000 होतात. सहाव्या संध्याकाळी 12,700 जातात, त्यातून त्या दिवशी आधी सुटलेले काय असतील ते वजा करा. तरी पाचही दिवसांची कमाई जाऊन वर पदरचे घालावे लागतात. सुमारे 74 डावांत एकदा तरी सगळं जाण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते.

शीटची परीक्षा घ्यायची असेल तर शून्य काढून टाका. मग सात हारींची शक्यता 1/128 होते आणि सरासरी बरोबर शून्यावर येते. डाव मात्र लाखभर तरी चालवा, कारण मोठा तोटा क्वचित येतो आणि थोड्या डावांत टक्केवारी फार उड्या मारते.

गंगावेस_कट्टा

मॅडम, समजा लगेच लावलेच नाहीत. पाच-सहा वेळा काळा येऊ दिला आणि मगच लालवर डबल सुरू केलं तर? माझा एक मित्र असंच खेळतो.

राजारामपुरी_संख्याशास्त्र

मित्राला सांगा, चाकाला मागचं काही आठवत नाही. सहा काळ्यांनंतरही लालची शक्यता 18/37 च. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोत लागोपाठ 26 वेळा काळा आला होता आणि 'आता लाल येणारच' म्हणून लोक रक्कम वाढवत गेले, पार धुपले. ब्लॅकजॅकची गोष्ट वेगळी, तिथं वापरलेली पानं गड्डीतून कमी होतात, म्हणून मागच्या पानांना अर्थ असतो.

फिबोनाची असो, हरल्यावर एकच युनिट वाढवायची द'अलांबेर पद्धत असो, की जिंकल्यावर वाढवायची पद्धत, भागाकार तोच येणार. फरक पडतो तो तोटा थोडाथोडा येतो की एकदम, एवढ्यात. आणि चाक बघून घ्या. दोन शून्यांचं असेल तर घरं 38 आणि कॅसिनोचा हिस्सा 5.26 टक्के.

शाहूपुरी_हिशेब

एक राहिलं. 'खिशात जास्त पैसे असतील तर आठवी पायरी' असं मेव्हणा म्हणाला तर टेबलाची मर्यादा विचारा. समजा 100 ते 10,000 असेल, तर आठवी पायरी 12,800 ची, ती लावूच देणार नाहीत. ही मर्यादा ग्रुपवाल्यांनी त्याला सांगितली होती का?

उद्यमनगर_लेथ

नव्हती सांगितली, आत्ताच फोन करून विचारलं.

मॅडम, कॉलम घातला आणि लाखभर डाव चालवले. दर वेळी आकडा थोडा हलतो, पण अडीच-पावणेतीन टक्के तोट्याच्या आसपासच येतो. शून्य काढलं की कधी वर, कधी खाली. फिबोनाचीची शीट अजून व्हायची आहे. रविवारी मेव्हणा जेवायला येतोय, त्याच्याच हातानं एफ9 (शीटमधले रँडम आकडे नव्यानं काढायचं बटण) दाबायला लावतो. ज्या संध्याकाळी सगळे गेले, त्या ओळी वेगळ्या रंगात कशा दाखवायच्या, ते कुणी सांगेल का?

शाहूपुरी_हिशेब

कंडिशनल फॉरमॅटिंग. नफ्याचा कॉलम निवडा, 'शून्यापेक्षा कमी' अट द्या, रंग निवडा. अडलं तर शीट इथं टाका, आज रात्रीच करून देतो.