शिंजिराची मादी अंड्यांवर बसत नाहीये, मदत हवी आहे

रानजाई: बाल्कनीत शिंजिराचं घरटं आहे, आत दोन अंडी. काल दुपारपासून मादी बसत नाहीये. येते, भिरभिरते, निघून जाते. ऊन मरणाचं आहे. अंडी वाया जातील का? लवकर सांगा कुणीतरी.

भवरा: गाव कोणतं? कुठला शिंजीर? अंडी कधीची? एवढ्यावर काय सांगणार?

रानजाई: पुणे, सिंहगड रोड. नर पोटापर्यंत काळा, उन्हात निळा-जांभळा चमकतो. अंडी आठ दिवसांपूर्वी दिसली. पश्चिमेची बाल्कनी.

माडाखाली: माझी आई सांगायची, घरट्याला माणसाचा हात लागला की पाखरू अंडी टाकतं. हात लावलात का?

भवरा: हाताच्या वासाने पाखरू अंडी टाकत नाही, ही जुनी समजूत आहे. हा नर जांभळ्या शिंजिराचा.

माडाखाली: समजूत कसली? डोळ्यांनी पाहिलंय मी, दयाळाच्या घरट्यात.

ओसरी: बुटाच्या खोक्यात कापूस घाला, वर चाळीसचा बल्ब लावा. आम्ही चिमणीचं पिल्लू असंच जगवलं.

भवरा: ओसरीताई, पिल्लू वेगळं, अंडं वेगळं. हे अंडं शेंगदाण्याएवढं असतं, बल्बखाली शिजेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अंडी उचलता येत नाहीत. कृपया नको.

पिवळाधमक: आमच्या गल्लीत बहावा काय फुललाय! फोटो टाकलाय. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं म्हणतात.

ताम्हण: हा सोनमोहर आहे. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. याचे तुरे वर उभे आहेत, कळ्या गंजाच्या रंगाच्या. झाडाखाली चपट्या तांबूस शेंगा पडल्या असतील. बहाव्याची शेंग म्हणजे हातभर लांब काळी नळी.

पिवळाधमक: शेंगा चपट्याच आहेत. आम्ही इतकी वर्षं बहावाच म्हणत आलो.

भवरा: फुलांसाठी वेगळा धागा काढा ना. रानजाई, काल सकाळी बाल्कनीत काय बदललं? रंगकाम? कुंड्या?

रानजाई: काहीच नाही. फक्त घरट्याला ऊन लागतं म्हणून कपड्यांची दोरी दुसऱ्या खिळ्याला बांधली. घरटं दोरीलाच लोंबतंय. तीन फूट आत सावलीत आलं, इतकंच.

भवरा: तेच कारण! ती जागा ओळखून येते. दोरी आत्ताच्या आत्ता जुन्या खिळ्याला बांधा, हळू, हिसका न देता. सावलीला वर दोन हातांवर जुनी साडी ताणा. मग दार लावून पडद्याच्या फटीतून बघा. उबवायला मादी एकटीच बसते, त्यामुळे मधूनमधून खायला जाणारच, तेव्हा घाबरू नका.

माडाखाली: दोरीला हात लागलाच की मग.

रानजाई: बांधली. साडीही ताणली. जवळून पाहिलं तेव्हा दिसलं, कोळ्याच्या जाळ्याने तिने वाळकी पानं आणि माझ्या कुंडीवरच्या कागदाचा लाल तुकडा विणलाय. घरट्याच्या दाराच्या वर छोटी झालर आहे. हे मोडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

ओसरी: साखरपाणी ठेवा तिच्यासाठी.

भवरा: नको, मुंग्या येतील. जास्वंद आहे ना कुंडीत? पुरे.

रानजाई: आली. घरट्याला लटकून आत डोकावतेय. मी श्वास धरून उभी आहे.

पिवळाधमक: ताम्हण, मग खरा बहावा पुण्यात कुठे बघायला मिळेल?