उत्तर: प्रश्नावलीच्या गुणांवर रुग्णांच्या दोन गटांची तुलना करायची, तर दर गटात ६३ रुग्ण पुरतील का?

६३ चं गणित बरोबर आहे: ०-१०० च्या मापावर १० गुणांचा फरक, प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतले गुण किती विखुरलेत ते) २०, पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) ८०%, सार्थकता (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) ५%. पण विचलन २५ निघालं की तोच आकडा ९९ होतो, म्हणून खरं विचलन पाहायला आधी छोटी चाचणी घ्या.

गळती (अभ्यास अर्धवट सोडणारे रुग्ण) २०% धरली तर ६३ ला ०.८ ने भागा, ७९ येतात. १.२ ने गुणून ७६ घेणं ही नेहमीची चूक. शिवाय बरेचदा तब्येत ढासळलेलेच प्रश्नावली भरत नाहीत, म्हणून निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. तो कल नमुना (रुग्णसंख्या) वाढवून जात नाही, प्रश्नावली भरून घेणंच सोपं करायला हवं. गोव्याच्या दोन टोकांच्या काणकोण-पेडण्याच्या रुग्णाला त्यासाठी वेगळं बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) बोलावू नका, औषधाच्या फेरीलाच, डॉक्टरांना भेटण्यापूर्वी भरून घ्या. (प्रश्नावलीची कोंकणी प्रत रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही लागेल!)