‘प्ले इट बाय इअर’ म्हणजे फोनवर ठरवू, असं समजून बसलो

मोल्डिंगवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. शिक्षण आयटीआय, इंग्रजी कामापुरतं. ड्रॉइंग, रिजेक्शन, इन्व्हॉइस यात कुठं अडत नाही. पण गेल्या वर्षी इंग्लंडचं एक गिऱ्हाईक मिळालं, आणि त्यांचा परचेसचा माणूस मेल लिहितो का बँडची सुपारी देतो, तेच कळत नाही.

गेल्या महिन्यात पंप हाउसिंगच्या दुसऱ्या लॉटची तारीख विचारली. उत्तर आलं, ‘लेट्स प्ले इट बाय इअर.’ इअर म्हणजे कान, कानाला लावायचा तो फोन. म्हटलं, हा फोन करून सांगणार. आठ दिवस जेवतानासुद्धा फोन हाताशी ठेवला. नवव्या दिवशी मेल, माल कुठवर आलाय? इथं साचासुद्धा भरला नव्हता. साहेबांनी सगळ्यांदेखत हजेरी घेतली.

तेवढ्यात ऑफिसातलं एक पोरगं म्हणतंय, ‘काका, आता फेस द म्युझिक.’ गणपती तोंडावर आलेले. मला वाटलं मिरवणुकीचं बोलतोय, महाद्वार रोडला डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहायचं ते. मी म्हटलं, ‘येणार की, दरवर्षी असतोच!’ अख्खं ऑफिस हसलं.

जुने मेल चाळले तर आणखी निघाले. पुल आउट ऑल द स्टॉप्स, सेकंड फिडल, चेंज्ड देअर ट्यून. डिक्शनरीत सुटा शब्द सापडतो, जोडून काही लागत नाही. कुणी आपल्या भाषेत सांगेल का? पाठांतर जमत नाही, डोक्यात बसलं पाहिजे.

मंगळवारपेठेतल्या बाई

इंग्रजी शिकवण्यात आणि गाणं ऐकण्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहिते. बाय इअर वाजवणं म्हणजे समोर नोटेशनचा कागद न ठेवता नुसतं कानावर वाजवणं. तिकडं मोठ्या वाद्यवृंदात वादक कागद वाचून वाजवतात. कागद नाही म्हणजे आधी काही ठरलेलं नाही, वेळ येईल तसं बघू. तुमच्या गिऱ्हाइकाला एवढंच म्हणायचं होतं.

आपल्या कानाला हे पटत नाही, त्याला कारण आहे. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडं गेली ती समोर बसून, या गळ्यातून त्या गळ्यात. सगळं कानावरच. पण ती तालीम म्हणजे काय ‘बघू पुढचं पुढं’ होती? एकेका जागेसाठी महिने जायचे. आपल्याकडं कानावरचं तेच पक्कं, आणि त्यांच्या वाक्प्रचारात कानावरचं ते कच्चं.

फेस द म्युझिक म्हणजे आपण केलेलं निस्तरायला समोर उभं राहणं. साहेबांपुढं तुम्ही राहिलात तसं. (डॉल्बीचा अर्थही फार लांबचा नाही.)

सेकंड फिडल: वाद्यवृंदात व्हायोलिनचे दोन गट असतात. मुख्य धून बहुतेक वेळा पहिल्याकडं, दुसरा साथीला. म्हणून दुय्यम जागा घेणं. ‘री ओढणे’ असं भाषांतर मात्र करू नका. री ओढणारा खुशीनं ओढतो, हा बिचारा मनातून कुढतही असेल. ट्यून बदलली म्हणजे सूर बदलला, त्यात काही नाही.

पेटीवाला

स्टॉप्सचं मी सांगतो, तीस वर्षं भजनात पेटी वाजवतोय. पेटीला पुढच्या अंगाला ओढायचे स्टॉपर असतात बघा. ते आत असले की भाता मारून हात दुखला तरी पेटी गप्प. बाहेर ओढला की हवेला वाट होते आणि आतल्या पितळी पट्ट्या बोलतात. चर्चच्या मोठ्या ऑर्गनला पट्ट्यांच्या जागी नळ्या, आणि एकेका स्टॉपला नळ्यांची एकेक रांग. सगळे ओढले की सगळ्या रांगा एकदम बोलणार, देऊळ हादरेल असा आवाज. म्हणजे काय, हातचं काही राखू नका, जिवाचं रान करा. मॅथ्यू अर्नॉल्ड नावाच्या इंग्रज कवीनं १८६५ मध्ये माणसाबद्दल बोलताना हे स्टॉप ओढायचं लिहिलंय, असं आमच्या मंडळातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. मी तोवर ‘विनाथांबा एसटी’ असं समजत होतो, खोटं कशाला बोलू.

मोल्डिंगवाला

पेटीवाले, हे बसलं! मार्चमध्ये त्यानं हेच लिहिलं होतं. मी अर्थ काढला, लाइन थांबवू नका. आणि रात्रपाळी लावली. माल वेळेत गेला, कौतुकाचा मेल आला. चुकून बरोबर.

राजारामपुरी_९वी_गल्ली

काका, ‘ब्लो युअर ओन ट्रम्पेट’ पण ध्यानात ठेवा, आपलीच टिमकी वाजवणे. आणि ‘ब्रोकन रेकॉर्ड’ म्हणजे तेच ते तुणतुणं. आता बाईंनी उलटं सांगावं, ‘नाद खुळा’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मंगळवारपेठेतल्या बाई

नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेड, दोन्ही पोटात घेणारा शब्द इंग्रजीत मला तरी भेटला नाही. तसंच लिहा, विचारतील तेव्हा सांगू.

मोल्डिंगवाला

आज तिसऱ्या लॉटचा मेल केला. स्पष्ट लिहिलं, नो इअर प्लीज, ओन्ली डेट. माल पॅक झालाय, असंही कळवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘म्युझिक टू माय इअर्स!’

परत कान. आता हा फोन करणार आहे का नाही?