वास आधी, नाव नंतर

फोटो पाहिला की जागा आठवते, पण वास आला की आपण तिथे जाऊनच पोहोचतो, असं म्हणतात ते मला अगदी पटलं. परवा कपाटातून जुनं लोकरी ब्लँकेट काढलं. डांबरगोळ्या आणि दमट लोकर यांचा मिळून जो वास आला, त्यासरशी मी २० वर्षांपूर्वीच्या एका डोंगरावरच्या विश्रामगृहात होतो. खिडकीच्या तावदानावर साचलेलं धुकं, पायाखाली करकरणारी लाकडी फळी. जागेचं नाव आठवायला मात्र चांगली पाच मिनिटं लागली!

याला कारण मेंदूची रचना. बाकीच्या संवेदना आधी थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रात जातात. गंधाचा संदेश मात्र नाकाच्या वर असलेल्या गंधकंदातून थेट अमिग्डालापर्यंत पोहोचतो, म्हणजे भावनांच्या दारात, आणि आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस तिथून जवळच. म्हणून मन आधी हलतं, शब्द मागून येतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी गंधग्राहकांची, म्हणजे नाकातल्या वास टिपणाऱ्या रेणूंची जनुकं शोधल्याचं १९९१ साली जाहीर केलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसाकडे असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात.

एक करून बघा. प्रवासात एखादा नवा साबण वापरा आणि परतल्यावर तो बाजूला ठेवून द्या. रोज वापरलात तर त्या वासावर रोजच्या दिवसांचे थर चढतात आणि ती जागा पुसट होत जाते. माझ्याकडे अशी एक वडी डबीत बंद आहे. वर्षातून एकदाच उघडतो.